खारूचा आकडा

खारूचं डोकं तसं लवकरच तापतं, सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी जे तापलं ना, ते उगाच नव्हतं, आणि आग लावणारा घरातलाच होता, म्हणून तर जास्त.

आधी खारू कोण ते ऐका, म्हणजे पुढचं नीट लागेल. लहानपणी तिचे पुढचे दोन दात एवढे मोठे होते की मामाने तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली. पुढे ताई गळून पडलं, खारू तेवढं राहिलं. आणि गंमत बघा, हीच खारू मोठी होऊन दात करायला लागली. खोटे दात. डॉक्टर काय करतो, तोंड उघडायला लावतो, माप घेतो, आणि माप लॅबमध्ये पाठवून मोकळा होतो. तिथे खारूसारखं कोणीतरी टेबलावर वाकून बसलेलं असतं, पावडरीचा एकेक थर बारीक ब्रशने चढवतं, भट्टीत भाजतं, पुन्हा चढवतं, पुन्हा भाजतं, आणि असा दात घडवतं की शेजारच्या खऱ्या दाताला पत्ता लागू नये आपल्या बाजूला पाहुणा आलाय ते.

जुन्या लॅबमध्ये तिला बावीस मिळायचे. बावीस म्हणजे बावीस हजार, आणि तिला ते बरे वाटायचे, हे महत्त्वाचं. मग तिथे एक नवा आला. त्याला ब्रश कसा धरायचा इथपासून खारूने शिकवलं. एक दिवस चहा पिता पिता तो सहज बोलून गेला, सव्वीसमध्ये भागत नाही गं. खारूचा कप हातातच राहिला. ती तशीच उठून साहेबाकडे गेली, म्हणाली, त्याला सव्वीस आणि मला बावीस, हे कसं काय? आणि साहेब काय म्हणाला माहितीये? शांतपणे, कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाला, "त्याने मागितले. तू कधी मागितलेच नाहीस."

झालं. राजीनामा तिथल्या तिथे. आणि घरी येऊन तिने आईला सांगितलं की आता जिथे जाईन तिथे माझा आकडा मी माझ्या तोंडाने सांगणार, आणि तोच घेणार, नाहीतर घरी बसणार.

आता मामा. आईचा धाकटा भाऊ. मामा दुसऱ्या एका लॅबमध्ये कामाला, म्हणजे ती लॅब उघडली तेव्हापासूनच. मोठी लॅब, काचेच्या भिंती, बाहेर कुंड्या. तिथे मामा प्लास्टरच्या खोलीत असतो. डॉक्टरकडून आलेल्या मापात प्लास्टर ओतून त्याचा साचा काढायचा, आणि तयार झालेले दात डब्यात घालून स्कूटरवरून दवाखान्यात पोचवायचे, ही दोन्ही कामं त्याचीच. तिथला दात घडवणारा कारागीर अचानक काम सोडून गेला, मामाने खारूसाठी शब्द टाकला, आणि मालकीणबाईंनी, म्हणजे मॅडमनी, खारूला बोलावलं. इथपर्यंत सगळं छान.

आदल्या दिवशी स्वयंपाकघरात सराव चालला होता. आई मॅडम झाली होती. समोर वाटाण्याच्या शेंगांचा ढीग, त्यातली एक शेंग तिने पेनासारखी धरलेली.

"तुमची अपेक्षा किती आहे?"

"तीस," खारू म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

"तीस."

"एवढे कशाचे? दात सोन्याचे करता का?"

"आई, असं कोणी विचारत नाही."

"विचारतात. मॅडम मी आहे का तू?"

तेवढ्यात मामा दारात. त्याच्या भुवयांमध्ये कायम थोडं प्लास्टर असतं, आंघोळ केली तरी जात नाही. तीस ऐकून त्या पांढऱ्या भुवया वर गेल्या त्या खालीच येईनात.

"तीस? माझ्या मॅडमसमोर तीस म्हणणार आहेस तू?"

"मग काय कानात सांगू?"

"अगं, अशा लोकांकडे मागायचं नसतं. ते देतात. मी इतकी वर्षं तोंड उघडून काही मागितलं का? विचार आईला." आणि हे तो असा छाती काढून म्हणाला ना, जसं काही पदक मिळालंय. "मी शब्द टाकलाय तुझ्यासाठी. मला तिथे तोंड दाखवायला जागा ठेव."

"तू तुझं तोंड सांभाळ," आई म्हणाली. "ती तिचं सांभाळेल."

मामा हसला, दोन वाटाणे तोंडात टाकले आणि गेला. कुठे गेला, ते तेव्हा कोणी विचारलं नाही. तिथेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी खारू लॅबमध्ये. मॅडम एकदम गोड बोलणाऱ्या, पहिल्याच वाक्यात "बाळा". ये बाळा, बस बाळा, मामा तुझं किती कौतुक करतात. मग म्हणाल्या, आधी एक दात करून दाखव. समोर साचा ठेवला, वरचा पुढचा दात. खारूने विचारलं, "हा सरावाचा का?"

"छे, खऱ्या पेशंटचा आहे. आम्ही परीक्षा खऱ्या कामावरच घेतो. उगाच पावडर वाया कशाला घालवायची? आज दुपारीच बसवायचाय, तेव्हा जरा बघून."

म्हणजे बघा हं. नोकरी अजून दिलेली नाही, पण काम सुरू. खारूच्या लक्षात आलं, पण साचा हातात घेतला आणि ती विसरलीच. ती आहेच तशी. पावडर भिजवली, थर चढवला, टिश्यूने पाणी ओढलं, कडेला जिथे दात जरा पारदर्शक होतो तिथे वेगळी पावडर. सोबत आलेल्या फोटोत शेजारच्या दातावर एक पुसट पांढरा ठिपका होता, दुसऱ्या कोणाला दिसलाही नसता. खारूने तसाच ठिपका नव्या दातात आतल्या थरात घातला, वरून नाही, आत. भट्टीतून बाहेर आला तेव्हा मॅडमनी भिंग लावून बघितला आणि उलटा करून पुन्हा बघितला.

"आधीचा माणूस असं नव्हता करत," शेवटी म्हणाल्या.

आता फक्त चकाकीचा शेवटचा हात उरला होता. तो दिल्याशिवाय दात खडूसारखा दिसतो, तोंडात बसवता येत नाही. पण भट्टीचा ताव खाली यायला वेळ होता, म्हणून मॅडम म्हणाल्या, चल केबिनमध्ये, तोवर बाकीचं उरकू.

केबिनमध्ये एक काळा चामड्याचा सोफा. तो डॉक्टर लोक आले की बसायला. खारूला समोरच्या खुर्चीत बसवलं. खारूने मनात आकडा घोळवला, घसा साफ केला, आणि तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमच म्हणाल्या, "पगाराचं तर ठरलंच आहे."

"कुठे ठरलं?"

"मामांनी सांगितलं नाही? काल संध्याकाळी मुद्दाम आले होते. म्हणाले, मॅडम, पोरगी आपलीच आहे, बोलताना जरा इकडचं तिकडे झालं तर मनावर घेऊ नका, तुम्ही जे द्याल ते गोड मानून घेईल. मी म्हटलं, अठरा. मामा म्हणाले, भरपूर झाले."

भरपूर झाले. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसं नाही झालं. आग आधी मस्तकातच लागली आणि मग खाली पायापर्यंत गेली. बावीसवर जी बाई लाथ मारून आली तिचा भाव तिच्या मागे, तिला न विचारता, अठरावर लागला होता, आणि तो लावताना मामा वर भरपूर म्हणाला होता. काचेतून पलीकडे प्लास्टरची खोली दिसत होती. मामा तिथून बघत होता. त्याने पांढरा अंगठा वर करून दाखवला. खारूने दातओठ खाल्ले, अक्षरशः, ओठातून रक्त आलं.

"मॅडम, मी बावीस सोडून आलेय."

"हो ना, मामा म्हणाले. पण सोडून आलीस ना, बाळा." किती मऊ आवाजात. म्हणजे मामाने तेही सांगून टाकलं होतं. हातात एक पत्ता होता, तोही समोरच्याला दाखवून आला होता भला माणूस.

"दोन मिनिटांत येते," खारू म्हणाली, आणि तडक प्लास्टरच्या खोलीत.

ती खोली म्हणजे काय सांगू. चार माणसं उभी राहिली तर पाचव्याने श्वास घेऊ नये. टेबल पांढरं, नळ पांढरा, हवाच पांढरी. मामा रबराच्या वाटीत प्लास्टर कालवत होता आणि मधेमधे खोकत होता.

"झालं ना ठरल्यासारखं?" तो म्हणाला. "बघ, मी काल जाऊन—"

"काल तू कोणाला विचारून गेलास?"

"हळू बोल."

"नाही बोलत. दात मी करणार, मान मी मोडून घेणार, डोळे माझे जाणार, आणि भाव तू करून आलास? तोही खाली? दुसरे मामा भाचीला वर चढवतात, तू उतरवून आलास."

"अगं, तू आत जाऊन तीस म्हणाली असतीस आणि त्यांनी दार दाखवलं असतं. मी वाट सोपी केली. मी नसतो तर इथे तुला कोणी उभंही केलं नसतं."

"मग उभं करून बाजूला व्हायचं होतंस. तोंड मला पण आहे. एवढे दात आहेत त्यात, तूच नाव ठेवलंस."

मामाने तोंड फिरवलं. खूप लागलं त्याला, दिसत होतं. पण खारू थांबणाऱ्यातली नाही.

"तुझा पगार कोणी ठरवला रे, मामा?"

"त्यात ठरवायचं काय? मॅडमचे वडील होते तेव्हा. मोठे साहेब. म्हणाले, तू घरचाच माणूस. घरात कोणी भाव करतं का?"

"आणि त्यानंतर?"

"देतात की दरवर्षी थोडे." मग खोकला. चांगला लांबलचक, टेबलाला धरून.

"आणि ही धूळ? ओढून घ्यायला काही नाही इथे? मी बसले होते तिथे दोन मशिनं आहेत."

"ती पावडरीसाठी. ती पावडर महाग असते, त्यात कण गेला तर वाया जाते." हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला की खारू बघतच राहिली. "मी मागितला होता एकदा पंखा. हवा बाहेर फेकणारा. मोठे साहेब म्हणाले, बघू. मग पुन्हा विचारायला बरं दिसेना."

"मोठे साहेब जाऊन किती काळ झाला, मामा?"

मामाने वाटीत चमचा घातला तर चमचा हलेना. भांडता भांडता प्लास्टर घट्ट झालं होतं. त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तो वाटीकडे बघत उभा राहिला आणि खारू परत फिरली. तिला त्याची दया येत होती आणि त्या दयेचाच आणखी राग येत होता.

केबिनमध्ये जाऊन ती बसलीच नाही.

"मॅडम, माझी अपेक्षा तीस आहे."

"अगं, पण मामांनी शब्द दिलाय ना."

"तो त्यांचा शब्द. दात मी करते. पगाराचं माझ्याशी बोला."

मॅडम हसल्या. खुर्चीत मागे रेलल्या. "एक समजून घे हं, बाळा. हल्ली साच्यांचं सगळं मशीनवर होतं. डॉक्टर तोंडात कॅमेरा फिरवतात की झालं, प्लास्टर लागतच नाही फारसं. तरी मामांना आम्ही ठेवलंय. का? घरचे म्हणून. आता घरच्यांनीच असं करायचं म्हटल्यावर..."

आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. पुढचं तू भर म्हणून.

बघा, आतापर्यंत खारू नुसती तापलेली होती. ते वाक्य ऐकलं आणि ती गार पडली. म्हणजे राग गेला नाही, रागच गार पडला, आणि तिच्या आईला विचारा, खारू बडबडते तोवर काळजी नाही, खारू गप्प झाली की सांभाळा.

फोन वाजला. दवाखान्यातून. मॅडम म्हणाल्या, हो हो, निघतोच आहे दात, आणि फोन ठेवून हात झटकले. "पेशंट येऊन बसलीये तिकडे. तू तेवढी चकाकी देऊन टाक, मग आपण निवांत बोलू."

"आधी बोलू."

"ती बाई खुर्चीत वाट बघतेय गं."

"मला तिचं वाईट वाटतंय," खारू म्हणाली, आणि खरंच वाटत होतं, त्या बाईने काय कोणाचं घोडं मारलं होतं? "पण तिचा दात तुम्ही माझ्या परीक्षेत घातलात. मी अजून इथे कामाला नाहीये."

तेव्हा दोघींच्या लक्षात आलं की मामा दारात उभा आहे. हातात डबा. दात न्यायला आला होता, नेहमीसारखा, वेळेच्या आधी. मामाच्या डब्याला उशीर झालाय असं त्या गावात एकही डॉक्टर म्हणू शकत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी ऐट. तो किती वेळ उभा होता कोण जाणे. पण घरच्यांनी वगैरे ऐकलं होतं त्याने, चेहऱ्यावर दिसत होतं.

"बरं झालं आलात, मामा," मॅडम म्हणाल्या. "समजवा बाई हिला."

मामाने खारूकडे बघितलं. मॅडमकडे बघितलं. डब्याकडे बघितलं. खारूला वाटलं, आता हा पुन्हा म्हणणार, पोरगी आपलीच आहे, मनावर घेऊ नका, आणि मग ती काय करेल हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

पण मामा चार पावलं आत आला आणि बसला. त्या काळ्या सोफ्यावर. प्लास्टरने माखलेल्या कपड्यांनी, मागे टेकून, डबा मांडीवर ठेवून. इतकी वर्षं त्या केबिनमध्ये तो उभा राहून बोलला होता, बसायला त्याला कोणी कधी म्हटलं नव्हतं आणि आजही म्हटलं नव्हतं.

"मामा?" मॅडमची नजर सोफ्यावरच्या पांढऱ्या डागावर.

"दात झाला की नेतो," मामा म्हणाला. "थांबतो तोवर."

"उशीर होतोय, मामा."

"होऊ दे." आवाज थरथरत होता, पण निघत होता. "मॅडम, तिच्या पगाराचं तिच्याशी बोला. काल मी बोललो ते... मला काय कळतं त्यातलं. मला माझ्याच पगारातलं कधी कळलं नाही."

फोन पुन्हा वाजला. मॅडमनी उचलला नाही.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या.

"तीस," खारू.

फोन वाजतच होता. मामाने डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, रिकामाच होता, पुन्हा लावलं.

"बरं. तीस. पण एक, हा आकडा या खोलीबाहेर जायचा नाही. इथे कोणी कोणाला सांगत नाही."

"मी सांगणार," खारू म्हणाली. "जो विचारेल त्याला सांगणार. मला एकाने चहा पिताना सांगितला नसता तर मी अजून बावीसवर खूश असते. आणि हे कागदावर द्या, आत्ता. आणि मामाचं नाव यात पुन्हा आणू नका. तो प्लास्टर करतो, मी दात. त्याच्या कामाचं त्याच्याशी, माझ्या कामाचं माझ्याशी."

मॅडमच्या गालावर लाल पट्टा उठला होता. पण कागद निघाला. आणि तो देताना त्या "हे घे" म्हणाल्या नाहीत, "हे घ्या" म्हणाल्या. बाळा कुठल्या कुठे गेलं.

खारूने नळाखाली हात धरले. नीट पुसले, कारण शेवटचा हात ओल्या हाताने देता येत नाही. मग चकाकी दिली, दात भट्टीत गेला, बाहेर आला, मामाने तो कापसात गुंडाळला, डब्यात ठेवला आणि तिच्याशी एक अक्षर न बोलता स्कूटरला लाथ मारून गेला.

संध्याकाळी खारू घरी आली तर मामा आधीच स्वयंपाकघरात स्टुलावर बसलेला. आईने सगळं काढून घेतलेलं दिसत होतं, कारण तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या.

"अठरा," आई भावाला म्हणाली. "अठरा तुला भरपूर वाटले?"

"मला मिळतात त्याहून जास्त होते, ताई," मामा म्हणाला.

हे दोघींनाही माहीत नव्हतं. आपल्या घरातही कोणी कोणाला आकडा सांगत नव्हतंच की.

"सोफा खराब झाला," मामा जरा वेळाने म्हणाला. "डाग निघत नाही म्हणे."

"निघूच नये," खारू म्हणाली. राग अजून होताच, मामावरही होता, आणि एका कागदाने तो जाणार नव्हता.

मामाने स्टूल पुढे ओढलं. आईच्या समोर. गुडघ्यांवर हात ठेवले. "ताई, तू ती मॅडम हो जरा."

आईने त्याच्याकडे बघितलं, मग उरलेल्या वाटाण्यातली एक शेंग उचलली, पेनासारखी धरली आणि पाठ ताठ केली. "बोला मामा. काय काम होतं?"

"काही नाही, ते आपलं... पंखा. जमलं तर."

"जमलं तर नको," खारू म्हणाली. "पुन्हा."

"प्लास्टरच्या खोलीत पंखा हवा होता. आणि पगाराचं जरा... तुम्हाला योग्य वाटेल ते."

"आकडा सांग. पुन्हा."

"अगं, एकदम आकडा कसा—"

"पुन्हा, मामा."

मामाने घसा साफ केला, त्यातून खोकला निघाला, तो थांबेपर्यंत दोघी थांबल्या. मग त्याने सांगितलं, पंखा आणि आकडा, दोन्ही, जमिनीकडे बघत, पण सांगितलं.

आईने शेंग ओठांवर टेकवली, मान तिरकी केली आणि अगदी त्या मोठ्या साहेबाच्या थाटात म्हणाली, "बघू."

मामाची मान झटकन वर आली. कान लाल, भुवयांतलं प्लास्टर तसंच. त्याला चिडलेला खारूने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"'बघू' नको," तो म्हणाला. "कधी, ते सांगा."